नाट्यविभागातील ध्वनी आणि प्रोजेक्शनचे पर्यवेक्षण : संहितावाचनापासून प्रयोगापर्यंत

विद्यापीठाच्या नाट्यविभागात ध्वनी आणि प्रोजेक्शनची जबाबदारी ज्याच्याकडे असते, त्याच्याकडून दोन अपेक्षा एकाच वेळी केल्या जातात. प्रयोग बिनचूक व्हावा ही पहिली आणि तो विद्यार्थ्यांनीच चालवावा ही दुसरी. व्यावसायिक नाटकाच्या ध्वनिसंयोजकाला पहिलीच पुरेशी असते. आपल्याला मात्र दर वर्षी नवी तुकडी, नवे ऑपरेटर आणि बहुधा तीच जुनी उपकरणे घेऊन दोन्ही साधायच्या असतात. त्यामुळे पर्यवेक्षकाचे बरेचसे काम प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यांत, कागदावर आणि केबलींच्या पेटीत होते. प्रयोगाच्या संध्याकाळी त्याने मिक्सरला हात लावण्याची वेळ आली, तर आधी काहीतरी राहून गेले असे समजावे. नागपुरातील सभागृहे, इथला उन्हाळा आणि विभागांना सहसा मिळणारे अंदाजपत्रक डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम येथे मांडला आहे.

संहिता दोनदा वाचावी

पहिले वाचन प्रेक्षक म्हणून करावे. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन समासात खुणा कराव्यात : आवाजासाठी ‘आ’, दृश्यासाठी ‘दृ’. संहितेत लेखकाने लिहिलेला प्रत्येक आवाज वाजवलाच पाहिजे असे नाही. दारावरची थाप नटाने विंगेत फळीवर मारलेली बरी असते, कारण ती योग्य जागेवरून येते आणि नटाच्या वेळेशी जुळते. स्पीकरमधून आलेली थाप दारापासून तीन मीटर दूर ऐकू येते आणि प्रेक्षक नकळत स्पीकरकडे पाहतो. दिग्दर्शकासोबतच्या पहिल्याच बैठकीत कोणता आवाज प्रत्यक्ष, कोणता ध्वनिमुद्रित आणि कोणता अजिबात नको, हे ठरवून घ्यावे. प्रोजेक्शनबाबत तर याहून स्पष्ट प्रश्न विचारावा : ही प्रतिमा नेपथ्याचे काम करणार आहे, माहिती देणार आहे की पात्राच्या मनातले दाखवणार आहे? उत्तर ‘छान दिसेल’ एवढेच असेल, तर ते दृश्य यादीच्या शेवटी ढकलावे. विद्यार्थी-दिग्दर्शकांना प्रोजेक्टर हाती आला की प्रत्येक प्रवेशामागे काहीतरी हलते हवे असते, आणि हलत्या प्रकाशासमोर स्थिर उभा असलेला नट नेहमी हरतो.

सभागृहाची पाहणी

विभागाचे स्वतःचे छोटे प्रेक्षागृह परिचयाचे असते, परंतु वर्षातून एखादा प्रयोग बाहेर जातोच. सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृह, शंकरनगरचे साई सभागृह, लक्ष्मीनगरचे सायंटिफिक सभागृह आणि रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह यांचे आकार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. एका ठिकाणी बसवलेले आवाजाचे प्रमाण दुसरीकडे तसेच्या तसे चालत नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेसारख्या ठिकाणी तर रंगमंच मोजक्या वेळेसाठीच ताब्यात येतो, तेव्हा मोजपट्टी घेऊन फिरण्याची सवड नसते. म्हणून पाहणी आधीच्या भेटीत करावी आणि एका पानावर लिहून ठेवावी : रंगमंचाच्या दर्शनी उघड्या भागाची रुंदी, पडद्यापासून प्रोजेक्टर ठेवता येईल अशा जागेपर्यंतचे अंतर, मिक्सर ठेवण्याची जागा, तिथून रंगमंचापर्यंत केबलीचा खरा मार्ग (हवेतून मोजलेले अंतर येथे कामाचे नाही, केबल भिंतीच्या कडेने जाते), विजेचे सॉकेट कोणत्या फेजवर आहेत आणि पंखे-कूलर चालू असताना शेवटच्या रांगेत काय ऐकू येते.

शेवटचा मुद्दा नागपुरात दुय्यम नाही. एप्रिल-मेमध्ये शहराचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. वातानुकूलन नसलेल्या महाविद्यालयीन सभागृहांत मग मोठे कूलर लावले जातात आणि त्यांची घरघर नेमकी बोलण्याच्या खालच्या पट्टीत बसते. साउंड चेक कूलर बंद ठेवून केला, तर प्रयोगात शांत संवाद बुडतात. तालीम ज्या कूलरांसह झाली, त्याच कूलरांसह प्रयोग व्हावा असा आग्रह धरावा. शक्य असेल तिथे रंगमंचाजवळचे दोन कूलर पहिल्या घंटेपर्यंत पूर्ण गतीने चालवून तिसऱ्या घंटेला कमी गतीवर आणण्याची जबाबदारी एका विद्यार्थ्याच्या नावाने क्यू-शीटमध्येच (कोणता आवाज किंवा दृश्य नेमके कधी सुरू करायचे, याच्या यादीत) लिहावी.

वीज, केबल आणि तो कंटाळवाणा ‘हम्म’

ध्वनी, संगणक आणि प्रोजेक्टर यांना प्रकाशयोजनेच्या डिमरपेक्षा वेगळ्या फेजवरून वीज घ्यावी. डिमर दिव्यांचा प्रकाश कमी करताना विजेच्या लहरीचा काही भाग कापतो आणि तो गोंगाट ध्वनीच्या तारांत शिरला की दिवे मंद होताच स्पीकरमधून भुणभुण येते. फेज निवडण्याचे काम सभागृहाच्या लाइनमनकडूनच करून घ्यावे, विद्यार्थ्यांना पॅनेलजवळ जाऊ देऊ नये. सतत येणारा ५० किंवा १०० हर्ट्झचा ‘हम्म’ बहुधा अर्थिंगच्या दोन वेगळ्या वाटांमुळे तयार होतो. लॅपटॉप चार्जरवर असताना आवाज येतो आणि चार्जर काढताच जातो, एवढ्या परीक्षेवरून कारण कळते. यावर डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी पेटी) किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा उपाय आहे. प्लगची अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय नव्हे, जीवाशी खेळ आहे. अनेक ठिकाणी साउंडवाले तसे सर्रास करताना दिसतात आणि विद्यार्थी ते पाहून शिकतात, म्हणून पहिल्याच दिवशी हे निक्षून सांगावे.

लांब अंतरासाठी एक्सएलआर (तीन पिनांच्या) जोडणीची बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतला गोंगाट मिटवणारी, केबल वापरावी. साध्या स्टिरिओ पिनची केबल दोन-तीन मीटरच्या पुढे नेऊ नये. प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून लांबी लिहावी. केबल कोपरावर गुंडाळायची सवय मोडून काढावी, कारण त्याने आतल्या तारा पिळवटतात. एक वळसा सरळ आणि पुढचा उलटा अशा रीतीने गुंडाळलेली केबल फेकताच गाठ न पडता उलगडते.

मिक्सरवरील मूळ पातळी

गेन (आत येणाऱ्या आवाजाची वाढ) आणि फेडर (बाहेर जाणारा आवाज ठरवणारी सरकती पट्टी) यांतला फरक विद्यार्थ्याला कळेपर्यंत पुढे जाऊ नये. नटाला प्रवेशातले सर्वांत मोठे वाक्य बोलायला लावावे, फेडर शून्य डेसिबलच्या खुणेवर ठेवावा आणि डिजिटल मिक्सरवर आवाजाची टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास येतील इतका गेन उघडावा. यानंतर गेनला हात लावायचा नाही, प्रयोग फेडरवर चालतो. ज्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (मिक्सरकडून केबलीतून मिळणारी वीज) लागतो, त्याचे बटण दाबताना फेडर खाली असावा, नाहीतर स्पीकरमधून येणारा ठोका सगळ्या सभागृहाला दचकवतो.

नटांना माइक द्यावा का, हा प्रश्न दर वर्षी नव्याने येतो. दीड-दोनशे आसनांच्या प्रेक्षागृहात संवादांना माइक देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज पोहोचवणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे आणि तो टाळण्याची सोय आपण करून देऊ नये. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांच्या पेंडॉलमधून आलेल्या विद्यार्थ्यांना आवाज फेकण्याचा सराव असतो, त्यांना उलट छोट्या जागेत हळू बोलायला शिकवावे लागते. मोठ्या सभागृहात मात्र रंगमंचाच्या कडेला दोन-तीन बाउंड्री माइक (जमिनीवर ठेवायचे चपटे माइक) आणि गाणारे किंवा निवेदन करणारे पात्र असेल तर त्यापुरता वायरलेस माइक, इतकी मदत योग्य ठरते. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला असावेत. माइक शिट्टी मारू लागला तर इक्वलायझरशी झटापट करण्याआधी माइक तोंडाजवळ आणावा, कारण अंतर निम्मे केले की तोच आवाज माइकपाशी सुमारे ६ डेसिबल वाढतो.

अंगावरचा बारीक माइक छातीवर लावण्यापेक्षा केसांच्या कडेला, कपाळाच्या वर लावलेला बरा. कपड्यांची सरसर लागत नाही आणि मान वळली तरी आवाज तुटत नाही. उन्हाळ्यात घाम माइकच्या जाळीत उतरतो, म्हणून टेपच्या वर केसांतून येणारा थेंब अडवणारी सूक्ष्म पट्टी लावावी आणि ट्रान्समीटर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून कमरेला बांधावा. सर्व वायरलेस संच एकाच वेळी चालू करून तपासावेत. एकेकटे नीट चालणारे संच एकत्र चालू झाले की एकमेकांच्या लहरींत अडथळा आणतात. बॅटरी प्रत्येक प्रयोगाला नवी घालावी आणि काढलेली तालमीसाठीच्या वेगळ्या डब्यात टाकावी.

सभागृहाच्या मागच्या भागासाठी जादा स्पीकर लावले असतील, तर त्यांना उशीर द्यावा लागतो, म्हणजे रंगमंचावरचा आवाज तिथे पोहोचेपर्यंत त्यांचा आवाज थांबवून ठेवावा लागतो. ध्वनी २० अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटर अंतरासाठी जवळजवळ ५० मिलिसेकंद. त्यावर आणखी १० ते १५ मिलिसेकंद वाढवले की आवाज रंगमंचावरूनच येतो असे कानाला वाटते. ४० अंशांना ध्वनीचा वेग ३५५ मीटरच्या आसपास पोहोचतो, पण एवढ्या अंतरात फरक दोनच मिलिसेकंदांचा पडतो. त्याची चिंता करू नये.

आवाज जमवणे

इंटरनेटवरून उतरवलेल्या ध्वनींचा मोठा दोष असा की त्यांतला पाऊस, बाजार, रेल्वे, सगळे परदेशी असते आणि प्रेक्षकाला ते सांगता आले नाही तरी जाणवते. विद्यार्थ्यांना फोन किंवा साधा रेकॉर्डर देऊन बाहेर पाठवावे. इतवारीतला हातगाड्यांचा गलबला, अजनीला थांबलेल्या गाडीची घोषणा, टिनाच्या छतावरचा जुलैतला पाऊस अशी स्वतःची ध्वनिसंपदा दोन-तीन वर्षांत जमते. उन्हाळ्याची दुपार हवी असेल तर कूलरची घरघर, त्याच्या पंपाचे ठिबकणे आणि लांबून येणारी कुल्फीवाल्याची घंटा हे तीन थर वेगवेगळे मुद्रित करावेत. एकत्र मुद्रित केले तर दिग्दर्शक ‘घंटा जरा उशिरा’ म्हणाला की सगळेच पुन्हा करावे लागते. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह स्वरूपात करावे आणि संपादनानंतर प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची मोकळी शांतता कापून टाकावी. अर्ध्या सेकंदाची ती शांतता प्रयोगात ऑपरेटरची चूक वाटते.

गाणी आणि चित्रफितींच्या हक्कांबाबत एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांत सवलत देते, पण ती प्रेक्षक संस्थेतले कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढेच असताना लागू होते. तिकीट लावून सार्वजनिक प्रयोग केला की परवानगी घ्यावी लागते. मूळ रचना करून देणारा विद्यार्थी विभागात असेल तर सर्वांत उत्तम.

प्रोजेक्शनचे गणित

प्रोजेक्टर भाड्याने सांगण्याआधी एक भागाकार करावा. पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी, हे त्या भिंगाचे गुणोत्तर. चित्र ५ मीटर रुंद हवे आणि भिंग १.५ चे असेल तर प्रोजेक्टर ७.५ मीटरवर ठेवावा लागतो. तितकी जागा नसेल तर कमी गुणोत्तराचे भिंग शोधावे. पुरवठादाराशी बोलताना ‘मोठा प्रोजेक्टर’ न म्हणता हाच आकडा सांगावा.

दुसरे गणित उजेडाचे. ५ मीटर रुंदीचे १६:१० प्रमाणातले चित्र सुमारे १५.६ चौरस मीटरचे होते. ५००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर सरासरी ३२० लक्स (दर चौरस मीटरला ३२० ल्युमेन) देतो. नटाच्या चेहऱ्यावर समोरून पडणारा प्रकाश बहुधा याहून जास्त असतो आणि त्याचा उडालेला अंश पडद्यावर गेला की चित्र फिकट होते. म्हणून प्रोजेक्टर बदलण्याआधी प्रकाशयोजना करणाऱ्या विद्यार्थ्याला बरोबर बसवावे. नट पडद्यापासून किमान दोन मीटर पुढे ठेवावेत, समोरच्या दिव्यांचा कोन उंच करावा आणि बाजूच्या प्रकाशाचा वापर वाढवावा. पडदा शुभ्र असण्यापेक्षा हलका राखाडी असला तर काळे भाग जास्त काळे दिसतात.

प्रोजेक्टर उंचावरून तिरका ठेवल्यास नटांच्या सावल्या पडद्याऐवजी जमिनीवर पडतात, पण चित्र वाकडे होते. यंत्रातली कीस्टोन दुरुस्ती (वाकडे चित्र सरळ चौकोनी करण्याची सोय) चित्राचे काही पिक्सेल वाया घालवते, म्हणून आधी भिंग सरकवण्याची सोय वापरावी आणि उरलेला वाकडेपणा सॉफ्टवेअरमध्ये काढावा. ब्लॅकआउटच्या वेळी काळे चित्र दाखवूनही पडद्यावर राखाडी चौकोन उरतो, हा बहुतेक प्रोजेक्टरांचा स्वभाव आहे. भिंगासमोर दोरीने सरकणारी काळी पुठ्ठ्याची झडप लावणे हा स्वस्त इलाज आहे. तिला स्वतःचा क्यू-क्रमांक द्यावा.

साध्या एचडीएमआय केबलीवर १० मीटरच्या पुढे विसंबून राहू नये. त्याहून लांब जायचे तर कॅट-सिक्स या नेटवर्कच्या तारेवरून चालणारा एक्स्टेंडर घ्यावा. छताजवळची जागा सभागृहातल्या सर्वांत गरम जागांपैकी असते. अनेक प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, त्यामुळे मे महिन्यात दुपारची तालीम लांबली की यंत्र स्वतःला बंद करून घेते. धुळीची जाळी दर आठवड्याला काढून स्वच्छ करावी, आणि दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर आतला पंखा थांबेपर्यंत वीज तोडू नये. सभागृह रिकामे करण्याची घाई करणारा कर्मचारी मेन स्विच पाडतो तेव्हा सर्वाधिक दिवे जळतात.

देवनागरी अक्षरे पडद्यावर आणायची असतील तर वेगळी काळजी घ्यावी. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर कचऱ्यासारखा दिसतो. सगळा मजकूर युनिकोडमध्ये टंकून शेवटी प्रतिमा म्हणूनच निर्यात करावा. ओळींमधले अंतर वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शेवटच्या रांगेत बसून, नटांचे दिवे चालू ठेवून वाचून बघावे.

क्यू-शीट

संगणकावर क्यू लावण्यासाठी मॅकवर क्यूलॅब आणि लिनक्सवर लिनक्स शो प्लेअर वापरता येतो. क्यूलॅबच्या फुकट आवृत्तीत दोन वाहिन्यांचा आवाज मिळतो आणि विभागाच्या पुष्कळ प्रयोगांना तो पुरतो. कोणतेही सॉफ्टवेअर असो, कागदी क्यू-शीट असलीच पाहिजे. क्रमांक दहाच्या अंतराने द्यावेत, म्हणजे मधे भर घालताना सगळी यादी बदलावी लागत नाही. एक नोंद अशी असावी :

आ. १४० – पान २३ – सखू : ‘येतो वं माय’ यातला ‘माय’ संपताच – एस.टी. सुटते – फक्त डावीकडचा विंग स्पीकर – ६ सेकंदांत विरते – यानंतर दृ. १५०, झडप उघडी.

या नोंदीत शब्द, जागा, वेळ आणि पुढचे पाऊल आहे. ‘एस.टी.चा आवाज’ एवढेच लिहिलेली नोंद त्या ऑपरेटरला समजेल, तो आजारी पडला तर बदली विद्यार्थ्याला समजणार नाही. प्रत्येक क्यूसाठी बदली ऑपरेटर तयार ठेवणे हा पर्यवेक्षकाचा नियम असावा, आणि एक पूर्ण रंगीत तालीम बदली ऑपरेटरकडूनच करून घ्यावी.

क्यू देणारी व्यक्ती एकच असावी. हेडसेट नसेल तर लाल-हिरव्या दिव्यांची जोडी पुरते : लाल लागला की तयार, हिरवा लागला की क्यू. व्हॉट्सअॅपवर क्यू पाठवण्याची सूचना दर वर्षी कोणीतरी करतो. ती मान्य करू नये. सर्व कलाकारांसह होणाऱ्या तालमीआधी संवाद गाळून फक्त एका क्यूवरून दुसऱ्या क्यूवर जाणारी तांत्रिक तालीम घ्यावी आणि तिला पूर्ण दिवस राखून ठेवावा. दिग्दर्शकाने त्या दिवशी अभिनय सुधारायला घेतला, तर त्याला सौम्यपणे पण लगेच थांबवावे.

प्रयोगाचा दिवस

प्रयोगाच्या लॅपटॉपवर इंटरनेट, सूचना, स्वयंचलित अपडेट आणि स्क्रीन सेव्हर बंद असावेत. दुसऱ्या लॅपटॉपवर तोच प्रकल्प उघडा ठेवावा आणि दोन्ही यूपीएसवर असावेत, कारण उन्हाळी संध्याकाळी विजेचा दाब खाली-वर होतो. प्रेक्षक आत येण्यापूर्वी प्रत्येक स्पीकर एकेक करून वाजवावा, प्रत्येक माइकवर बोलून पाहावे आणि चित्राच्या चारही कोपऱ्यांची रेषा तपासावी. तिसऱ्या घंटेनंतर पर्यवेक्षकाने ऑपरेटरच्या मागे उभे राहू नये. मधल्या रांगेत बसून कागदावर टिपणे घ्यावीत. एखादा क्यू चुकला तर ऑपरेटरने मागचा आवाज उशिरा वाजवू नये, पुढच्या क्यूवर जावे, हे आधीच ठरलेले असावे.

प्रयोग उघड्यावर असेल तर कायदा लक्षात घ्यावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ त्याला बंदी आहे. बंदिस्त सभागृहाला ही वेळेची अट लागत नाही. शैक्षणिक संस्था, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते आणि तिथली दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे पटांगणही यात येऊ शकते. विभागप्रमुखांमार्फत अर्ज वेळेत द्यावा आणि प्रयोग रात्री साडेनऊच्या आत संपेल अशी वेळ लावावी.

सामान परत गेल्यावर

भाड्याचे सामान उचलण्याआधी पुरवठादाराच्या माणसासमोर मोजून द्यावे आणि कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. विभागाचे सामान डेडस्टॉक रजिस्टरशी (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीशी) पडताळावे. बिघडलेल्या केबलीला लाल टेप लावून वेगळ्या पेटीत टाकावे, चांगल्या केबलींत परत जाऊ देऊ नये. दुरुस्ती सोल्डरिंगने विद्यार्थ्यांकडूनच करून घेता येते. खरेदीची वेळ आली की तीन दरपत्रकांत सर्वांत वर केबल, जोडण्या आणि यूपीएस लिहावेत, मिक्सर त्यांच्या खाली. अंतिम क्यू-शीट, प्रकल्पाची फाइल आणि मूळ ध्वनिमुद्रणे एका नाटकाच्या एकाच फोल्डरमध्ये, वर्ष आणि सभागृहाचे नाव लिहून दोन हार्ड डिस्कवर ठेवावीत आणि त्यांपैकी एक डिस्क विभागाच्या कपाटात कुलूपबंद असावी.